ते शेवाळ नाही, गवत आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला, कॅरिबियन समुद्रात बाहेरून येऊन पसरत चाललेल्या गवताचा लेख वाचून इतका अस्वस्थ झालो की सकाळीच लिहायला बसलो. पहिलं म्हणजे त्याला शेवाळ म्हणू नका हो. हॅलोफिला स्टिप्युलेशिया हे चांगलं फुलणारं गवत आहे, मुळं आहेत, नर आणि मादी झाडं वेगवेगळी. आणि "बियांमुळे झपाट्याने फैलाव" हे कुठून आणलंत? तिकडे सापडली ती बहुतेक नर फुलंच, मग बी धरणार कसं? हरळी खणून बांधावर टाकली की पेरापेराला मुळं फुटतात, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. हेही तसंच, तुटलेला तुकडा तरंगत जातो आणि वाळूला टेकला की रुजतो.

मी हे हातात धरून बघितलंय. २००२ मध्ये त्या भागात ते पहिल्यांदा सापडलं ग्रेनाडा बेटाला, आणि पुढे तिथेच मी एका भाड्याच्या चार्टर बोटीवर डेकवर कामाला होतो. नांगर वर आला तेव्हा फाळांत हे गच्च अडकलेलं, बोटभर पानांच्या जोड्या, कडेला बारीक दाते, दर पेराखाली एक पांढरं मूळ. कॅप्टनला घाई होती, तसाच नांगर घेऊन निघालो आणि कारियाकू या जवळच्या बेटाच्या खाडीत पोचल्यावर मीच पाइप मारून सगळं पाण्यात सोडलं. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं! तो गुच्छ अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मूळचं हे तांबड्या समुद्रातलं, आपल्या हिंदी महासागरातलं. १८६९ ला सुएझ कालवा सुरू झाला आणि १८९४ ला भूमध्य समुद्रात ऱ्होड्स बेटाला याची नोंद झाली, पुढे अटलांटिकपलीकडे गेलं ते बहुधा बोटींबरोबरच. कॅरिबियनमधली कासवं तिथलं मूळचं लांब पातीचं गवत आवडीने खातात आणि मोकळी झालेली जागा हे धरतं. मासे धरायचे पिंजरे तळावरून ओढले की आणखी तुकडे.

आणि तुम्ही उपाय काय छापलात, तर "उपटून टाकणे". अहो, उपटताना तुकडेच होतात ना! त्यापेक्षा बोटी बांधायला कायमचे बोये ठेवा, नांगर उचलला तिथेच साफ करा, अडकलेलं गवत किनाऱ्यावर आणून वाळवा, हे छापा. दुरुस्ती पहिल्या पानावर नको, पण आत कुठेतरी नीट दिसेल अशी द्या, सोबतचा फोटोही शेवाळाचाच होता.

शिवाय रविवारची पुरवणी दोन आठवडे हर्णैला आलेली नाही. पेपरवाला म्हणतो वरूनच येत नाही. तेवढं बघा.

आपला,
एक जुना वाचक, हर्णै