फिट आणि अनफिट यांच्या मधले दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आजारपणाच्या रजेवरून परत रुजू होताना आम्हा बँक कर्मचाऱ्यांना डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या आजारी होत्या, आता कामावर हजर होण्यास सक्षम आहेत, असा त्याचा मजकूर. टायफॉइडला, मोडलेल्या हाताला, शस्त्रक्रियेला तो बरोबर बसतो. फायब्रोमायल्जियाला बसत नाही, कारण या आजारात माणूस पूर्ण बरा कधीच नसतो आणि अंथरुणाला खिळलेलाही क्वचितच असतो. मी नाशिक जिल्ह्यात एका सरकारी बँकेत अधिकारी आहे. हा आजार अंगावर वागवत कॅश, कर्ज, केवायसी अशी सगळी कामं करत आले आहे. त्या दाखल्यावर ज्यांना जागाच नाही अशा मधल्या दिवसांबद्दल मला लिहायचं आहे.

शरीराच्या बऱ्याच भागांत तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारं दुखणं, विश्रांतीने न जाणारा थकवा, रात्रभर पडूनही झोप न झाल्यासारखी सकाळ आणि डोक्यात दाटलेलं धुकं, हे या आजाराचं ढोबळ रूप. लोकसंख्येत साधारण दोन ते चार टक्के लोकांना तो असावा असं मानतात. त्याचं निदान बायकांमध्ये जास्त होतं, पण पुरुषांनाही तो होतो आणि ते त्याबद्दल आमच्याहून कमी बोलतात. एक्स-रे स्वच्छ येतो. ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या नॉर्मल. थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, संधिवाताच्या तपासण्या करतात त्या दुसरं काही नाही ना हे बघण्यासाठी. हा आजार दाखवणारी रक्ततपासणी अजून नाही. सांधे झिजत नाहीत. बिघाड असतो तो वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या मेंदू आणि मज्जारज्जूच्या यंत्रणेत. बँकेतली चोरघंटा कधीकधी रात्री नुसती पाल सेन्सरवरून गेली तरी गावभर वाजते, तसं काहीसं. घंटा खरी वाजते, ऐकणाऱ्याची झोपही खरीच मोडते, फक्त चोर सापडत नाही.

वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये अशा वेदनेला इजेच्या आणि नस दुखावल्याच्या वेदनेपासून वेगळा, तिसरा प्रकार म्हणून मान्यता दिली. १९९० च्या निकषांनुसार डॉक्टर अंगावरचे अठरा ठरावीक बिंदू दाबून बघत आणि त्यांतले अकरा दुखले तर निदान होई. २०१० पासून बिंदू मोजण्याऐवजी दुखणं कुठेकुठे पसरलं आहे आणि थकवा, झोप, स्मरण यांची अवस्था काय आहे हे विचारून निदान करता येतं. म्हणजे रुग्णाचं सांगणं हाच निदानाचा आधार झाला. वैद्यकशास्त्राने जे मान्य केलं ते ऑफिसात मात्र अजून कोणी मान्य करत नाही. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत ना?’ हा प्रश्न मला डॉक्टरांपेक्षा सहकाऱ्यांनी जास्त वेळा विचारला आहे.

आता फ्लेअर-अपबद्दल. आम्ही घरात त्याला उसळी म्हणतो. एरवी सहन होईल इतपत असलेलं दुखणं एकाएकी उसळतं आणि काही दिवस, कधी आठवडे, तसंच राहतं. झोप मोडली, ताण वाढला, थंडी पडली, साधा ताप येऊन गेला, किंवा बरं वाटतंय म्हणून रविवारी माळा आवरायला काढला, यांतलं काहीही पुरतं. कधी काहीच कारण सापडत नाही. त्या दिवसांत घड्याळाचा पट्टा मनगटाला टोचतो, खांद्यावर पर्स अडकवता येत नाही, नोटा मोजायच्या यंत्राचा आवाज आणि ट्यूबलाइटचा उजेडही नको होतो. मान आखडते, पोट बिघडतं. पण या सगळ्यापेक्षा बँकेतल्या माणसाला भीती वाटते ती धुक्याची. रोजच्या खातेदाराचं नाव आठवत नाही. आकडा वाचून मान वर केली की पुसलेला असतो. आमच्याकडे प्रत्येक नोंदीला मेकर म्हणजे नोंद करणारा आणि चेकर म्हणजे ती तपासणारा अशी दोन माणसं असतात, म्हणून निभावतं. तशा दिवसांत मी स्वतःहून मेकर व्हायला मागते, म्हणजे माझ्या हातून निघालेल्या प्रत्येक आकड्यावर दुसऱ्या कोणाची नजर पडते. मला सापडलेल्या उपायांत हा सगळ्यांत मोलाचा, आणि त्याला ना पैसे लागतात ना मुख्यालयाची मंजुरी.

दुसरं उदाहरण चाव्यांचं. स्ट्राँगरूमच्या चाव्या दोघांच्या ताब्यात असतात, दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. ज्याच्याकडे चावी, त्याला सकाळी वेळेवर पोचणं भागच. उसळी रात्रीतून येते आणि सकाळचे पहिले दोन-तीन तास सगळ्यांत वाईट असतात; अंग लाकडासारखं ताठरलेलं असतं, गरम पाण्याने शेकून ते हळूहळू सुटतं. एका शाखेत व्यवस्थापक साहेबांना मी हे नीट समजावून सांगितलं. त्यांनी चावी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिली, रजिस्टरला नोंद झाली, आणि बदल्यात संध्याकाळचं ताळमेळाचं काम मी घेतलं. दुपारनंतर माझं शरीर बरं साथ देतं. त्या शाखेत माझ्या रजा कमी झाल्या. पुढच्या शाखेत हीच विनंती केली तर उत्तर मिळालं, ‘जमत नसेल तर रजा घ्या, अर्धवट काम नको.’ मग रजा घेतल्या. बँकेचं त्यात काय साधलं ते मला अजून समजलेलं नाही.

औषधांविषयी थोडंच लिहिते, कारण ते ज्याचं त्याने डॉक्टरांना विचारावं. प्रेगाबालिन, ड्युलॉक्सेटिन यांसारखी औषधं काहींना उपयोगी पडतात, अनेकांना अर्धवटच. स्टिरॉइड आणि अफूच्या वर्गातली तीव्र वेदनाशामकं या आजारात सुचवत नाहीत, तरी दुखण्याला कंटाळून ती घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांची काळजी वाटते. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने पुरावे तपासले, तेव्हा ठाम शिफारस फक्त एका गोष्टीची केली: व्यायाम. तोही बेताने वाढवत नेलेला. मी सकाळी सोसायटीच्या आवारात चालते, उसळीत चार पावलं, एरवी जास्त, पण खंड पडू देत नाही. बऱ्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकून टाकायचा मोह आवरणं हे चालण्याहून कठीण. मार्चअखेरीस तर हा मोह आपला नसतोच, वरून आलेला असतो.

कायद्याकडे पाहिलं तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. फायब्रोमायल्जियाचं नाव त्यांत नाही. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला मिळवायचा तर मोजणार काय? त्याच कायद्यात वाजवी सोयींची कल्पना मात्र फार समंजसपणे मांडली आहे: मालकावर अवाजवी बोजा न टाकता माणसाला काम करता यावं म्हणून केलेले आवश्यक बदल. मला आरक्षण नको, प्रमाणपत्रही नको. मला हवे आहेत ते असे बदल, आणि तेही फक्त उसळीच्या दिवसांपुरते. एसीच्या थेट झोतापासून दूर खुर्ची, मधूनमधून उठून पाय मोकळे करायची मुभा, काउंटरऐवजी आतलं काम, सकाळी तासभर उशीर आणि संध्याकाळी तो भरून देणं.

यावर ‘मग सगळेच मागतील’ असं म्हणतात. ‘काल तर तुम्ही ठीक होतात’ हेही म्हणतात. काल ठीक होते, ही या आजाराची खूणच आहे. आणि शाखा अडून राहील म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आगाऊ कल्पना न देता, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस रजेवर पाठवावं, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या परिपत्रकात सांगितलं. त्यामागे गैरव्यवहार उघड व्हावेत हा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. पण ज्या यंत्रणेला अचानक दहा दिवस माझ्याविना चालवता येतं, तिला एक सकाळ माझी जागा बदलता येऊ नये, हे पटण्यासारखं नाही.

मला निदान रजा तरी आहेत, याची जाणीव आहे. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, द्राक्षबागेत दिवसभर हात वर धरून विरळणी करणाऱ्या बायकांपैकी कितीजणी याच दुखण्याला ‘अंग धरलंय’ म्हणत कामावर जात असतील. त्यांना न निदान मिळतं, न खाडा परवडतो. त्यांच्यासाठी आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांनी ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिकवर बोळवण करण्याऐवजी हा आजार मनात धरून दोन प्रश्न जास्त विचारावेत, एवढी कळकळीची विनंती आहे.

आमच्या क्षेत्रापुरतं बोलायचं तर मार्ग आहे. बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात मार्च २०२४ मध्ये झालेल्या बाराव्या द्विपक्षीय करारात महिला कर्मचाऱ्यांना महिन्यातून एक दिवस आजारपणाची रजा दाखल्याशिवाय घेता येईल, हे मान्य झालं. बाईच्या सांगण्यावर एका दिवसापुरता विश्वास ठेवायला बँका तयार झाल्या, हे थोडं नाही. या कराराची मुदत ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. पुढच्या करारासाठी मागणीपत्र तयार करताना संघटनांनी दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांसाठी, स्त्री असो वा पुरुष, उसळीच्या काळात तात्पुरतं काम बदलून देण्याचं कलम त्यात घालावं. एकदा तज्ज्ञ डॉक्टरांनी निदान लिहून दिलं की प्रत्येक वेळी नवा दाखला मागू नये. ज्या सहकाऱ्यांना हा आजार आहे आणि जे आजवर गप्प राहिले, त्यांनी आपापल्या संघटनेच्या प्रतिनिधीला हे लेखी कळवावं. मी माझं पत्र दिलं आहे.

आपली नम्र,
एक बँक अधिकारी, जि. नाशिक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)