लहानग्यांची होळी

फाल्गुन शुद्ध अष्टमी

प्रिय मेघना,

सप्रेम नमस्कार.

ईशान रंगाला घाबरतो, म्हणून यंदाही दारं लावून बसायचं का, असं विचारलंस. अजिबात नको. मागून येऊन कुणी ओला हात तोंडावर फिरवला, तर चार वर्षांचं मूल दचकणारच. यावर उपाय एकच, रंग त्यालाच करू दे. स्वतः कालवलेला, हुंगलेला, तळहातावर लावून पाहिलेला रंग मुलाला परका वाटत नाही. पौर्णिमेला अजून आठवडा आहे, तेवढा वेळ पुरतो.

पळसापासून सुरुवात कर. आत्ता झाडं फुललेली आहेत. झाडाखाली पडलेली फुलं वेचून आण, नाहीतर काष्ठौषधींच्या दुकानातून सुकी घे. देठाकडची काळपट वाटी काढून टाकायचं काम ईशानला दे, मुलं ते मन लावून करतात. दोन मुठी सुक्या फुलांना 2 लिटर पाणी घ्यायचं, मंद आचेवर दहा मिनिटं उकळायचं आणि झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी छान केशरी पाणी तयार असतं. ते मलमलच्या कापडातून गाळ, साध्या गाळणीतून पाकळ्यांचे तंतू खाली उतरतात आणि पिचकारीचं तोंड तुंबतं. रंग गडद व्हावा म्हणून काही जण त्यात चिमूटभर चुना घालतात. मुलं खेळणार असतील तर घालू नकोस, चुना डोळ्याला फार झोंबतो आणि इजाही करतो. फिकट केशरी काय वाईट आहे?

गुलाबी रंग बिटाचा. एक मध्यम बीट किसून अर्धा लिटर कोमट पाण्यात तासभर ठेवलं की पुरे. उकळत बसलीस तर रंग विटकरी होतो. चार थेंब लिंबू पिळलं की गुलाबी टिकतो. हे पाणी मात्र खेळायच्या दिवशीच सकाळी कर, दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो.

कोरड्या गुलालाला जास्त वेळ लागतो, म्हणून तो तीन दिवस आधी. किसलेलं बीट पाणी न घालता फडक्यात पिळ. एक वाटी कॉर्नफ्लोरमध्ये हा दाट रस तीन चमचे, तोही एकदम न घालता थोडाथोडा, आणि बोटांनी चोळत राहायचं. हे चोळणं पूर्णपणे मुलांचं. मग ताटात पातळ पसरून पंख्याखाली वाळव, उन्हात बिटाचा रंग उडतो. नीट खडखडीत वाळल्यावर मिक्सरमधून काढून मैद्याच्या चाळणीने चाळ. ओल राहिली तर गाठी होतात आणि डब्यात बुरशी धरते. घाईत नेहमी हीच पायरी बिघडते. तांदळाचं पीठ वापरू नकोस, घरी दळलेलं असलं तर त्याची कणी गालाला खरवडते. पिवळ्यासाठी एक वाटी बेसनाला एक चमचा हळद पुष्कळ झाली.

आता एक गोष्ट जिथे मी ऐकणार नाही. हा कोरडा रंग होळीच्या रात्री बाहेर काढायचा नाही, डबा घरातच. हवेत उडालेली पिठाची बारीक धूळ ठिणगीने पेट घेते. 2015 साली तैवानमधल्या एका जलोद्यानात रंगीत कॉर्नफ्लोर उधळताना असाच भडका उडाला आणि शेकडो माणसं भाजली. रंग धुळवडीला किंवा रंगपंचमीला, पेटत्या होळीपासून लांब.

होळी छोटीच रच. मधे एरंडाची फांदी, भोवती सात-आठ गोवऱ्या आणि वाळका पाला. गोवरी आधी मोडून बघ, आत ओल असेल तर ती जळत नाही, नुसता धूर करते आणि धुरानेच मुलं रडवेली होतात. पेटवायला कापूर पुरतो, रॉकेल नको. मुलांना सुती कपडे, ओढणी किंवा झुलता काठ काही नाही. वारा पाठीकडून येईल आणि धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला, चांगली दहा पावलं दूर उभं राहायचं. आगीत नारळ टाकणार असाल तर आणखी मागे, तो तडकतो तेव्हा निखारे उडतात. बोंब मारायला मात्र ईशान आणि धाकटी दोघांना मनसोक्त मोकळं सोड, वर्षातून एकदा मिळणारा हक्क आहे तो! सकाळी राखेचा टिळा लावताना आधी राखेत काठी फिरवून बघ. गोवरीच्या राखेखाली विस्तव सकाळपर्यंत जिवंत असतो, आणि मुलं थेट हात घालतात.

पुरणाचंही तसंच. वरून गार वाटलं तरी आत चटका असतो, पोळी मोडून वाफ जाऊ दे. साखरेच्या गाठी गळ्यात घालून फोटो काढलास की धाकटीच्या गळ्यातून लगेच काढ. दीड वर्षाच्या बाळाच्या घशात तो खडा अडकू शकतो, आणि दोराही धोक्याचा.

रंगाच्या दिवशी ऊन चढल्यावर, दहाच्या सुमारास खेळा, पाणी कोमट ठेवा. अर्धा तास भरपूर झाला, मूल कुरकुरायच्या आधी थांबलेलं बरं. लांब नळीची पिचकारी ओढायला जोर लागतो, चार वर्षांच्या हातांना ती जमत नाही आणि मूल चिडतं. त्यापेक्षा सॉसची रिकामी बाटली धुऊन दे, दाबली की झालं. सुरुवातीला दोरीवर जुना पांढरा सदरा टांग आणि त्यावर नेम धरू दे. मग त्याने तुला रंगवायचं. त्याला कुणी रंग लावायचा तो त्याने हात पुढे केल्यावरच, आणि सगळ्यांसाठी नियम मानेच्या खालचा. येणाऱ्या काका-मामांना हे दारातच सांग, भिडेखातर गप्प बसू नकोस. फुगे पूर्ण बंद. धाकटीच्या पावलांना बोटभर ओला रंग लाव, कोरडा तिच्याजवळ उधळू नका, श्वासातून आत जातो.

अंगाला आधी खोबरेल तेल, पण पातळ हात. थापलंस तर कोरडा रंग चिकटून लेप बसतो. कानामागे आणि नखांच्या कडांना विसरू नकोस, डोळ्यांजवळ लावू नकोस. डोळ्यात रंग गेला तर चोळू न देता साध्या पाण्याने बराच वेळ धू, तरी लाली किंवा दुखणं राहिलं तर डॉक्टर. आंघोळीआधी कोरडा रंग झटकून आणि केसांतून विंचरून काढ, मग नुसतं पाणी, मग बेसन आणि दूध, साबण सगळ्यात शेवटी.

आणि हळदीचे डाग साबण लागताच लाल झाले तर घाबरून ब्लीच ओतू नकोस. क्षारामुळे हळद लाल होते. कपडे चांगले खळबळून कडक उन्हात वाळत घाल, एक-दोन उन्हांत डाग बराचसा उडतो.

गोवऱ्या आजच सांगून ठेव, आयत्या वेळी ओल्या मिळतात. दोघांना खूप पापे.

तुझी,
वसुधा