अपघाताचा पेशंट पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांना एकटं ठेवू नका

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमधला एक सर्जन. सुरुवातीची वर्षं सरकारी नोकरीत गेली, आता खासगी प्रॅक्टिस करतो, पण अपघाताच्या पेशंटशी असलेला संबंध कधी सुटला नाही. समृद्धी महामार्ग इगतपुरी-सिन्नरमधून वाहू लागला आहे, मुंबई-आग्रा रस्त्याची वर्दळ तर जुनीच. त्यात २०२७ च्या ऑगस्टमध्ये सिंहस्थाचं अमृतस्नान. त्यामुळे नाशिकला ट्रॉमा सेंटर हवं, आयसीयूच्या खाटा हव्यात, रुग्णवाहिका वाढवाव्यात, अशा मागण्या आपल्याकडे येत असतील. त्या रास्तच आहेत. माझी मागणी खर्चाने त्यांच्यापुढे फार लहान आहे. सरकारी सेवेतल्या ज्या डॉक्टर, सिस्टर आणि ब्रदर यांच्या हातात जखमी माणूस सगळ्यात आधी येतो, त्यांना ट्रॉमाच्या, म्हणजे गंभीर दुखापतींवरच्या उपचाराच्या, व्यावसायिक संघटनांचं सभासदत्व शासनाने स्वतःच्या खर्चाने घेऊन द्यावं, आणि त्या कामासाठी वेळही द्यावा.

हे का मागतो आहे, ते एका चादरीवरून सांगतो.

दुचाकीला ट्रकने उडवलं की कमरेचं हाड, म्हणजे पेल्व्हिस, फुटतं. बाहेर रक्ताचा थेंब दिसत नाही आणि आत दोन लिटर रक्त साचलेलं असतं. ग्रामीण रुग्णालयात रात्री असा पेशंट आला की तिथे बहुधा एक मेडिकल ऑफिसर, एक सिस्टर आणि एक वॉर्डबॉय असतात. ऑपरेशन होणार नसतं, रक्तपेढी नसते. पण चादर असते. ती लांबट घडी करून पेशंटच्या खाली सरकवायची, दोन बाजूंनी दोघांनी ताणायची, गाठ मारायची, गुडघे एकत्र बांधायचे आणि मग पेशंट पुढे पाठवायचा. फाकलेलं हाड जवळ येतं, आतला रक्तस्राव कमी होतो, नाशिकपर्यंतचा वेळ मिळतो. मात्र चादर कंबरेला बांधून भागत नाही. मांडीचं हाड खुब्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागतं, त्या उंचीवर ती यावी लागते. चार बोटं वर सरकली तर उपयोग जातो. शिवाय हाड फुटलंय का हे बघायला दोन्ही हातांनी कंबर हलवून पाहायची जुनी सवय असते, तीही टाळायची, कारण धरलेली गुठळी त्याने सुटते.

यातलं काही महागडं नाही. पण हे पुस्तकात वाचून हातात येत नाही, कुणीतरी शेजारी उभं राहून आपली चादर चार बोटं खाली ओढावी लागते. माझी ओढली होती एका वरिष्ठ सर्जननी, ट्रॉमाच्या एका कार्यशाळेत. तिथे मी पोचलो तो संघटनेचा सभासद होतो म्हणून. सरकारी नोकरीत असताना अशाच एका कार्यशाळेसाठी मी रजा मागितली होती. बदली डॉक्टर नाही, असं उत्तर आलं आणि विषय संपला. त्या अधिकाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांच्याकडे खरोखरच माणूस नव्हता. पण ती जागा आज ज्याच्याकडे आहे, त्यालाही तेच उत्तर मिळू नये.

आता ट्रानेक्सॅमिक ॲसिडचं पाहा. २०१० साली क्रॅश-२ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४० देशांतली २७४ रुग्णालयं, वीस हजारांहून अधिक जखमी. त्यातून कळलं की हे साधं, स्वस्त इंजेक्शन वेळेत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. वेळेत म्हणजे दुखापतीपासून तीन तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. तीन तासांनंतर दिलं तर उलट अपाय होण्याची शक्यता दिसली. सुरगाण्याहून नाशिकला यायला दोन तास सहज जातात. अपघातानंतर गाडी मिळेपर्यंतचा वेळ त्यात धरा, म्हणजे हे इंजेक्शन कुठे द्यायला हवं ते उघड आहे. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायलाही तेच औषध वापरतात, त्यामुळे ते सरकारी रुग्णालयांना अनोळखी नाही. लेबर रूमच्या कपाटातली ती ॲम्प्युल कॅज्युअल्टीच्या, म्हणजे अपघात विभागाच्या, ट्रेमध्ये यावी आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला ती न घाबरता देता यावी, एवढंच अंतर आहे. हे अंतर नुसत्या परिपत्रकाने कापलं जात नाही. आपल्यासारखंच काम करणारे दुसऱ्या तालुक्यातले डॉक्टर ते रोज देतात, त्यांना फोन करून विचारता येतं, हे माहीत असलं की कापलं जातं.

अपघाताच्या उपचारात जगभर वर्षानुवर्षं जो क्रम शिकवला गेला, आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, तो शिकवणारा एटीएलएस (ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) हा कोर्सही असाच जन्माला आला. १९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर नावाच्या अस्थिरोगतज्ज्ञाचं छोटं विमान शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं गंभीर जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात मुलांवर झालेले उपचार पाहून ते अस्वस्थ झाले. त्यांनी सहकाऱ्यांना गोळा केलं आणि ग्रामीण डॉक्टरांसाठी एक अभ्यासक्रम रचला. १९७८ मध्ये पहिला वर्ग झाला, १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो आपलासा केला. एका माणसाची तळमळ एका गावापुरती राहिली नाही, कारण ती उचलून धरणारी, दर काही वर्षांनी तपासून सुधारणारी संघटना पाठीशी होती. आपल्याकडेही इंडियन सोसायटी फॉर ट्रॉमा अँड ॲक्यूट केअर आहे, अहमदाबादची ॲकॅडमी ऑफ ट्रॉमॅटॉलॉजी आहे. नाशिक जिल्ह्याच्या तालुक्यांतून तिथे कितीजण पोचतात, हे आपण एकदा विचारून पाहावं, ही विनंती.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती संघटनेतली मृत्यूची चर्चा. गेलेल्या पेशंटचा कागद समोर ठेवायचा, नाव झाकायचं आणि विचारायचं की हा वाचू शकला असता का, कुठल्या मिनिटाला काय वेगळं करता आलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ट्रॉमाच्या गुणवत्तेसाठी मार्गदर्शिका काढली ती ट्रॉमा सर्जन्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसोबत, आणि त्यातही अशा चर्चेवर भर आहे. आपल्याकडे सरकारी डॉक्टर ती चर्चा करायला घाबरतो. मृत्यूचा प्रश्न त्याच्यापुढे येतो तो नातेवाइकांच्या संतापातून, नाहीतर कारणे दाखवा नोटिशीतून. अशा वातावरणात कागदावर सगळं बरोबरच लिहिलं जातं आणि शिकायला काही उरत नाही. संघटनेच्या खोलीत समोर वरिष्ठ अधिकारी नसतो, समव्यवसायी असतो. तिथे माणूस खरं बोलतो.

नाशिकने यातलं खूप पाहिलं आहे. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थाच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नांदूर नाक्याजवळ बस पेटली, १२ प्रवासी गेले. १३ जानेवारी २०२३ ला सिन्नर-शिर्डी रस्त्यावर पाथरेजवळ साईभक्तांच्या बसच्या अपघातात १० गेले. देशात एकट्या २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. अशा घटनांनंतर रस्त्याची, गाडीची, बंदोबस्ताची चौकशी होते आणि व्हायलाच हवी. रुग्णालयाच्या दारातून आत आल्यावरच्या पहिल्या तासाचा अभ्यास मात्र वेगळा असतो, आणि तो वर्षानुवर्षं नेमाने करणारी माणसं लागतात.

संघटना म्हणजे हॉटेलातल्या परिषदा आणि औषध कंपन्यांचे स्टॉल, असा आक्षेप आपले सचिव घेतील. काही परिषदा तशा असतात, हे खरं आहे. म्हणूनच पैसे शासनाने द्यावेत. शासनाने फी भरली तर डॉक्टरला कंपनीच्या दारात जावं लागणार नाही, आणि बदल्यात काय शिकून आलात हे विचारण्याचा हक्कही शासनाला राहील. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट, म्हणजे नोकरी-व्यवसायात असताना घेतलेल्या शिक्षणाचे गुण, लागतात. ते ट्रॉमाचेच असावेत असं बंधन नाही. जे रोज कॅज्युअल्टी सांभाळतात त्यांचे काही पॉइंट तरी ट्रॉमाचे असतील, एवढी अट सभासदत्वासोबत घाला.

आणि हे फक्त डॉक्टरांपुरतं ठेवू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. १०८ च्या रुग्णवाहिकेत बसून येणारे डॉक्टर बहुतांशी बीएएमएस असतात. रस्त्यावर, अंधारात, गर्दीने घेरलेल्या पेशंटला तेच आधी हात लावतात. कॅज्युअल्टीतली सिस्टर तर डॉक्टर बदलले तरी तिथेच असते, नव्या मेडिकल ऑफिसरला सामान कुठे आहे ते तीच दाखवते. परदेशात ट्रॉमा नर्सेसच्या स्वतंत्र संघटना आहेत. आपल्याकडे सिस्टरला परिषदेला पाठवायचं म्हटलं तर फाइल पुढे सरकत नाही. चादर ताणायला दोन माणसं लागतात, त्यातलं एक सिस्टर असते. शिकायलाही दोघांनी एकत्रच जायला हवं.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. सभागृह आहे, वर्ग आहेत, प्राध्यापक बोलावण्याची सोय आहे. महिन्यातून एक दुपार तिथे जिल्ह्यातल्या सरकारी आणि खासगी ट्रॉमा टीमनी एकत्र बसावं, संघटनेचे अनुभवी लोक यावेत, तालुक्यांतल्यांनी ऑनलाइन जोडून घ्यावं. वैद्यकीय शिक्षण खातं वेगळं आहे, पण दोन्ही मंत्र्यांच्या एका बैठकीत हे ठरू शकतं. मी आणि माझ्यासारखे शहरातले बरेच सर्जन, भूलतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ या दुपारी विनामोबदला द्यायला तयार होतील.

त्यासाठी आपल्याकडून एक शासन निर्णय हवा आहे. ट्रॉमा संघटनेची वार्षिक वर्गणी आणि कोर्सची फी शासन भरेल, त्या दिवसांची हजेरी कर्तव्यकाळ धरली जाईल, बदली माणूस देण्याची जबाबदारी जिल्हा शल्यचिकित्सकांची राहील, आणि मृत्यूंच्या चर्चेतले कागद कुणाच्या खातेनिहाय चौकशीत वापरले जाणार नाहीत. एटीएलएसचं प्रमाणपत्र चार वर्षं चालतं. या पावसाळ्याआधी निर्णय निघाला, तर पहिली तुकडी सिंहस्थापूर्वी तयार होईल. इगतपुरी, सिन्नर, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा इथल्या रुग्णालयांपासून सुरुवात करावी, अशी माझी सूचना आहे.

आपला,
नाशिकमधील एक सर्जन