तुझ्या निर्णयाचं पुढे काय झालं?

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, नवा मेंटॉर मिळालाय, पण त्याच्याशी बोलायचं काय तेच कळत नाही. पहिला अर्धा तास इकडच्यातिकडच्या गप्पांतच गेला." मी तेव्हा घाईत होते, काहीतरी बोलून फोन ठेवला. पण ते मनातून जाईना, म्हणून निवांत बसून लिहितेय.

आधी तू ज्या प्रोग्रॅममध्ये आहेस त्याची घडण बघ. गूगलमध्ये 2002 साली मारिसा मेयर यांनी असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर (एपीएम), म्हणजे प्रॉडक्टमध्ये काय असावं हे ठरवणाऱ्या नवशिक्यांचा, प्रोग्रॅम सुरू केला. नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांवर खऱ्या प्रॉडक्टची जबाबदारी टाकायची आणि वर्षभराने त्यांची टीम बदलायची, अशी ती कल्पना. पहिला एपीएम ब्रायन राकोव्स्की जीमेलच्या कामाला लागला. पुढे फेसबुकने 18 महिन्यांत 3 टीम, असा आपला रोटेशनचा प्रोग्रॅम काढला. तुमचाही त्याच वळणाचा. या पद्धतीत माणूस झपाट्याने तयार होतो, हे मी जवळून बघितलंय. पण त्यात एक मोठी उणीव आहे. तू निर्णय घेतेस, फीचर लाँच होतं, सगळे कौतुक करतात आणि त्या निर्णयाची फळं दिसायच्या आत तू दुसऱ्या टीममध्ये गेलेली असतेस. चुकलेलं तुला कुणी सांगत नाही, कारण ते ऐकायला तू तिथे नसतेसच.

माझ्या बाबतीत हेच झालं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी रुग्णांच्या नोंदणीच्या सॉफ्टवेअरवर होते. जुन्या फॉर्ममध्ये फक्त 'वय' विचारत. मी ठरवलं, वय काढून जन्मतारीख सक्तीची करायची, म्हणजे नोंदी चोख राहतील. महिन्याभरात रिपोर्ट आला, एकही रकाना रिकामा नव्हता. शाबासकी मिळाली आणि मी दुसऱ्या कामावर गेले. वर्षभराने आमच्या एक वरिष्ठ बाई मला त्याच नोंदणीच्या खिडकीमागे घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "तासभर नुसतं बघ." समोर एक आजोबा होते. जन्मतारीख विचारली तर म्हणाले, "सत्तरच्या पुढे असेन." खिडकीतल्या मुलीने मान वर न करता शून्य-एक, शून्य-एक दाबलं, अंदाजाने साल टाकलं आणि पुढच्याला हाक मारली. तिची बोटं त्या चार आकड्यांना इतकी सरावली होती की कीबोर्डकडे बघायचीसुद्धा गरज नव्हती. त्या यादीत कितीतरी माणसं 1 जानेवारीला जन्मली होती. माझ्यामुळे.

बाई रागावल्या नाहीत. परतताना त्यांनी एवढंच विचारलं, "तू हे ठरवलंस तेव्हा काय गृहीत धरलं होतंस?" मला आठवेना. कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं. त्या एका तासाने मला जे शिकवलं ते आधीच्या दोन वर्षांच्या मीटिंगांनी शिकवलं नव्हतं.

म्हणून तुझ्या मेंटॉरकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. "मी काय करू?" असं विचारलंस तर तो भला माणूस त्याच्या काळातलं काहीतरी सांगेल आणि तू ते वहीत उतरवून घेशील. त्यापेक्षा एक पान लिही. काय ठरवलं, कोणता पर्याय सोडला आणि का, कोणता आकडा किती हलेल असं वाटतं, कधीपर्यंत, आणि काय दिसलं तर आपण चुकलो असं समजायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, आणि तेच लोक गाळतात. पान आदल्या दिवशी पाठव आणि भेटीत विचार, "यात कच्चं काय आहे?" मग तीन-चार महिन्यांनी तेच पान पुन्हा दोघांनी मिळून उघडा, तू टीम बदलली असलीस तरी. पान हवंच, कारण निकाल कळला की आपण आधीपासून हेच म्हणत होतो असं प्रत्येकाला वाटायला लागतं.

मॅनेजर दर रोटेशनला बदलणार. शिवाय तुझा रिव्ह्यू तोच लिहितो, त्यामुळे त्याच्यापुढे मनातला गोंधळ पूर्ण मोकळा करणं जड जातं. मेंटॉर मात्र पुढच्या दोन्ही टीममध्ये हाच राहणार आहे. तुझ्या निर्णयांची सलग आठवण ठेवू शकेल असा तिथे तोच एक माणूस आहे. बढतीच्या चर्चेत तुझं नाव घेणारं माणूस वेगळं असतं, तेही लागतं. पण ते मागून मिळत नाही. त्याने तुझं काम स्वतः बघितलेलं असावं लागतं.

यात मी काही नवीन सांगतेय असं नाही. 1931 साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या नील मॅकेलरॉय यांनी तीन पानांचं टिपण लिहून प्रत्येक ब्रँडला स्वतंत्र जबाबदार माणूस मागितला. तुमच्या पेशाची मुळं तिथपर्यंत जातात असं मानतात. जिथे माल खपत नाही त्या भागात त्याने स्वतः जावं, दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांना भेटावं, आणि ठरवलेल्या योजनेला अपेक्षित फळ आलं की नाही हेही त्यानेच तपासावं, असं त्यात आहे. शेवटचं हे काम रोटेशनच्या धावपळीत हातून निसटतं. ते तू सोडू नकोस.

तुझ्या पहिल्या टीममध्ये तू त्या रोजच्या आठवणीच्या नोटिफिकेशनसाठी किती भांडली होतीस! लाँचच्या रात्री आनंदाने फोन केला होतास. आता त्याला पाच महिने झाले. लोक ती उघडतात, की बंद करून टाकतात? त्या टीममधल्या कुणाला विचारलंस का? विचार, आणि कळलं की आधी मेंटॉरला सांग, मग मला फोन कर. कितीही उशीर झाला तरी मी जागी असेन.

तुझी,
आई