आईच्या नावाची मेणबत्ती

कातानिया, सिसिली
७ फेब्रुवारी

ती. आई, ती. बाबा,

सा. नमस्कार.

काल सकाळी घरी आलो तेव्हा बुटांच्या तळाला मेणाचा थर बसला होता. सांता आगाता ही या शहराची ख्रिस्ती संत, इथल्यांची देवीच. तिची जत्रा काल उजाडताना संपली. दरवर्षी ३ ते ५ फेब्रुवारी असते, पण ५ तारखेची मिरवणूक ६ च्या सकाळपर्यंत चालते. रस्त्यांवर इतकं मेण सांडतं की पाय घसरू नयेत म्हणून लाकडाचा भुसा टाकतात.

बाबा, तुमची आठवण पहिल्याच दिवशी आली. इथे प्रत्येक धंद्याची एक 'कांदेलोरा' असते. म्हणजे कोरीव, सोनेरी मुलाम्याचा उंच लाकडी मनोरा. मासेवाल्यांची वेगळी, खाटकांची वेगळी. पाववाल्यांची सगळ्यात जड, तिला 'मम्मा' म्हणतात. चारशे ते नऊशे किलोंचं ते ओझं माणसं खांद्यावर घेतात आणि बँडच्या तालावर डुलत चालतात. अगदी आपल्या जोतिबाच्या सासनकाठीसारखी! एकाने मनोरा खाली ठेवून खांद्यावरचं पोतं काढलं, तर खाली तुमच्यासारखाच घट्टा. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

देवीचा चांदीचा रथ हजारो माणसं दोन दोरांनी ओढतात. एकेक दोर शंभर मीटरहून लांब. सगळ्यांच्या अंगात पांढरा झगा, डोक्यावर काळी मखमली टोपी, हातात पांढरा रुमाल. सांगतात की १७ ऑगस्ट ११२६ ला तिचे अवशेष कॉन्स्टँटिनोपलहून परत आले, तेव्हा रात्र होती आणि लोक झोपेतून उठून अंगावरच्या कपड्यांनिशी धावले. तोच हा झगा. कुणीतरी 'चित्तादीनी!' म्हणजे 'नागरिकहो!' ओरडतं आणि रस्ताभर 'विवा सांता आगाता!' असा तिचा जयजयकार उठतो. बाबा, तिथे माझ्या तोंडून हळूच 'चांगभलं' निघालं.

आई, आता तुझ्यासाठी. आगाता इथलीच मुलगी. २५१ साली रोमन सुभेदाराने तिचे हाल केले, तिचे स्तन कापले, तरी ती आपल्या श्रद्धेपासून हलली नाही. पुढच्या वर्षी एटना ज्वालामुखीचा लाव्हा शहराकडे आला, तेव्हा लोकांनी तिच्या थडग्यावरचं वस्त्र पुढे धरलं आणि तो थांबला, अशी इथली श्रद्धा आहे. छातीच्या आजाराच्या बायका तिच्याकडे नवस बोलतात. मागच्या वर्षी तुझं ऑपरेशन झालं, तेव्हा मला रजा मिळाली नाही. फोनवर तू 'मी बरी आहे' म्हणत राहिलीस. ते मला अजून टोचतं. घरमालकीण आजींना सांगितलं, तर त्यांनी काही न बोलता माझ्यासाठी झगा शिवून घेतला. त्यांची बहीण याच आजाराने गेली.

४ तारखेला मी तुझ्या नावाची पाच किलोंची मेणबत्ती खांद्यावर घेऊन चाललो. काही जण तर स्वतःच्या वजनाएवढी नेतात. गरम मेण मनगटावर पडलं, थोडं भाजलंय, काळजी करू नकोस. रथाजवळ पोचल्यावर वरच्या माणसाने हात खाली केला आणि मेणबत्ती घेतली. देवीच्या मूर्तीवर लोकांनी वाहिलेले इतके दागिने आहेत की मला नवरात्रातली अंबाबाई दिसली. मी तुझं नाव घेतलं, मोठ्यांदा, मराठीतच.

आणि काल सकाळी क्रोचीफेरी रस्त्यावर रथ थांबला. तिथे मठातल्या जोगिणी जाळीआडून गातात. रात्रभर ओरडणारी सगळी माणसं गप्प झाली. जोगिणींचे आवाज फार बारीक होते, दुरून आल्यासारखे. आजी माझा दंड धरून रडत होत्या, आणि मीही.

चैत्र पौर्णिमेच्या आधी चार दिवस पोचतोय. तिकीट काढलंय, रजा मंजूर आहे. बाबा, काठी उचलायची नाही, गुडघ्याचं लक्षात ठेवा. यंदा तुमच्या जागेवर मी उभा राहतो, तुम्ही शेजारून सांगा. आई, बाबांची जुनी बंडी धुवू नकोस. गुलालाचे डाग तसेच राहू देत, मीच घालणार आहे.

तुमचा,
धाकटा