पाहिल्याशिवाय अंदाज कसा लावायचा, साहेब?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत नव्या वर्षात, म्हणजे 2026 मधे, येणाऱ्या पिक्चरांवर तुम्ही पूर्ण पान दिलं होतं, कोणता कधी लागणार आणि कोणाला कुठलं बक्षीस मिळू शकतं असं सगळं. मी दोनदा वाचलं, मग दुकानाच्या काउंटरवर ठेवलं तर संध्याकाळपर्यंत पाच जणांनी वाचलं आणि त्यातल्या तिघांनी भांडण केलं. म्हणजे पान झकास होतं, हे आधीच सांगून टाकतो कारण पुढे तक्रार आहे.

अमळनेरला माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. आमचा पाच जणांचा कंपू आहे, मी, आमची सौ., एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर आप्पा, लायब्ररीतले एक सर आणि जळगावला इंजिनिअरिंग करणारा माझा भाचा. दर हिवाळ्यात आम्ही पैज लावतो. ऑस्करला आपला पिक्चर कुठपर्यंत जाईल, नॅशनलला (म्हणजे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांना) मराठीत कोण, बेस्ट ॲक्टर कोण, असे दहा-बारा प्रश्न, उत्तरं कालनिर्णयच्या मागच्या पानावर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवायची, आणि ज्याची सगळ्यात जास्त चुकतील त्यानं बाकीच्यांना शेतात भरीत खाऊ घालायचं. भरीत म्हणजे आपलं, हिरव्या मोठ्या वांग्यांचं, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर भाजून लाकडी मुसळीनं ठेचलेलं, वरून हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, पातीचा कांदा आणि सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. (पुण्याला आमच्या साडूकडे भरितात दही घालतात, त्यावर बोलायला वेगळं पत्र लागेल.)

ऑस्करचं टाइमटेबल भरिताला बरोबर जुळतं. डिसेंबरात यादी, जानेवारीत नॉमिनेशन, तोपर्यंत वांगी जोरात असतात. नॅशनलचं मात्र जुळत नाही, तो निकाल लागतो ऑगस्टला वगैरे, मग हरलेल्याची उधारी थंडी पडेपर्यंत खात्यावर.

आता मुद्दा. आमच्या पैजेत पहिल्यापासून एक नियम आहे, ज्यानं पिक्चर पाहिला नाही त्यानं त्यावर बोलायचं नाही. हा नियम आप्पांनी घातला, कारण भाचा सगळं मोबाईलवर वाचून ठोकून द्यायचा. आणि गंमत बघा, ऑस्करवाल्यांनी पण 2025 मधे हाच नियम केला की शेवटच्या फेरीत ज्या गटात मत द्यायचं त्या गटातले नॉमिनेट झालेले सगळे पिक्चर पाहिलेले पाहिजेत, नाहीतर त्या गटात मत नाही. म्हणजे इतकी वर्षं तिकडे न पाहता पण मतं पडत होती! आप्पा ते ऐकून दोन दिवस कॉलर ताठ करून फिरत होते.

पण आमचा नियम आम्हालाच नडतोय. पिक्चर बघायचा कुठे? गेल्या वर्षी एका नावाजलेल्या मराठी पिक्चरसाठी आम्ही चौघं शनिवारी ट्रेननं जळगावला गेलो, तास-सव्वा तासाचा प्रवास, सकाळचा पावणेदहाचा एकच शो होता, ऑनलाइन तिकिटं काढलेली, आणि तिथे गेल्यावर काउंटरवरचा पोरगा म्हणतो शो कॅन्सल, पब्लिक नाही. आम्ही चौघं पब्लिक नाही तर काय पोस्टर आहोत का? पैसे परत आले, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण पुढच्या रविवारी दुसरा शो बघू म्हणलं तर सोमवारपासून तो पिक्चरच नव्हता. आप्पा म्हणे, लागना बी आनि गया बी. नंतर त्या पिक्चरला कौतुकावर कौतुक झालं आणि आम्ही कालनिर्णयावर त्याच्यापुढे रेघ मारून ठेवली, कोणीच पाहिला नाही म्हणून.

अंदाज लावायला आम्हाला येत नाही असं मात्र समजू नका. 2022 ला सगळे आरआरआर आरआरआर करत होते, भारताकडून गेला गुजराती छेल्लो शो. तेव्हा मी आडवा पडलो. पण पुढच्या मार्चमधे नाटू नाटूला गाण्याचं ऑस्कर मिळालं, कारण देशाकडून पाठवायचा एक पिक्चर हा वेगळा रस्ता आणि निर्मात्यानं स्वतः बाकीच्या गटांत जाणं हा वेगळा रस्ता. हे तेव्हा कळलं, भरीत घातल्यावर. 2024 ला ऑल वी इमॅजिन ॲज लाइटला फ्रान्समधल्या कान फेस्टिव्हलमधे ग्रां प्री हे बक्षीस मिळालं, त्यात आपली छाया कदम होती, सगळ्यांना वाटलं हाच जाणार, तर पाठवला लापता लेडीज. तिथे सौ. एकटी बरोबर आली. कसं काय विचारलं तर म्हणे, कमिटीत बसणाऱ्यांना घरात सगळ्यांसोबत बघता येईल असा लागतो. मला तरी हे पटलेलं नाही पण खात्यावर तिचे गुण जास्त आहेत.

श्वासच्या वेळी मी कॉलेजला होतो. 2004 ला तो ऑस्करला गेला तेव्हा खर्चाला पैसे नव्हते म्हणून महाराष्ट्रात वर्गणी गोळा झाली होती, आमच्या वर्गातही डबा फिरला, मी दहा रुपये टाकले. नॉमिनेशन झालं नाही. पुढे 2009 ला हरिश्चंद्राची फॅक्टरी गेला, 2015 ला कोर्ट गेला, दोन्ही मराठी, तेही शेवटच्या पाचात नाहीत. आजपर्यंत देशाकडून पाठवायच्या त्या गटात आपले नॉमिनेट झाले ते तीनच, मदर इंडिया, सलाम बॉम्बे आणि लगान. त्यामुळे भाच्यानं कितीही आकडे लावले तरी मी ऑस्करवर पैज लावताना हात आखडूनच असतो.

यंदा मात्र माझा हात थोडा सुटलाय. नीरज घायवानचा होमबाउंड ऑस्करच्या त्याच गटाच्या पंधराच्या यादीत आलाय, 22 जानेवारी 2026 ला कळेल पाचात येतो का ते. तुमच्या पानावर त्याला चार ओळी होत्या. चारच! तो पिक्चर ज्या लेखावरून आलाय त्यातले दोघं मित्र सुरतला कापडाच्या धंद्यात कामाला होते आणि लॉकडाउनमधे गावाकडे निघाले. आता सुरत म्हणलं की खान्देशात कोणाच्या घरचं माणूस तिथे नाही ते सांगा. उधना, लिंबायतला गेलं की अर्धं बोलणं अहिराणीत ऐकू येतं. माझा चुलतभाऊ तिथेच लूमवर होता. आणि 2020 च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा हायवेनं धुळ्यावरून माणसं चालत जात होती ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, आप्पा आणि सर पोळ्या-भाजीची पाकिटं घेऊन तीन दिवस हायवेवर उभे होते. सप्टेंबरात पिक्चर लागला तेव्हा आम्हाला थिएटरात गाठता आला नाही, नोव्हेंबरात नेटफ्लिक्सवर आल्यावर सरांच्या घरी पाहिला. संपल्यावर आप्पा काही बोलले नाहीत, चहा पण नको म्हणाले. तर असा पिक्चर पाचात येईल का? मी हो लिहिलंय. डोक्यानं नाही, मनानं लिहिलंय, आणि या खेळात मनानं लिहिणाऱ्याला भरीत घालावं लागतं हे मला माहितीये.

नॅशनलबद्दल तुमच्या पानावर एक चूक होती ती सांगतो, रागावू नका. तुम्ही 2026 ला लागणारे पिक्चर आणि यंदाचं नॅशनल अशी जोडी लावलीय. तसं होत नाही. तिथे वर्ष धरतात सेन्सॉर सर्टिफिकेटच्या तारखेवरून, थिएटरात कधी लागला त्यावरून नाही. आणि निकाल मागे चाललेत, 2023 च्या पिक्चरांची बक्षिसं 1 ऑगस्ट 2025 ला जाहीर झाली. स्थळचंच घ्या, लग्नासाठी मुलगी बघायला येतात त्यावरचा, तो टोरंटोच्या फिल्म फेस्टिव्हलला 2023 ला दाखवला, तिथे बक्षीस पण मिळालं, आणि आपल्याकडे लागला मार्च 2025 ला. आता तो कुठल्या वर्षात धरायचा हे त्या सर्टिफिकेटवरची तारीख बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. आमच्या पैजेत यावरून इतकं भांडण झालं की सरांनी सरळ वेगळा रकाना आखला.

त्या ऑगस्टच्या निकालात मात्र आमच्या गावाची मान उंच झाली होती. 1954 ला पहिल्यांदा राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं ते अत्रे साहेबांच्या श्यामची आईला, आणि आता 2023 च्या मराठी पिक्चरांत परत श्यामची आईच, सुजय डहाकेंचा, तोही ब्लॅक ॲण्ड व्हाइट. ते पुस्तक लिहिणारे साने गुरुजी आमच्या प्रताप हायस्कूलला शिक्षक होते, 1924 ते 30. सौ.नं तेच नाव लिहिलं होतं. शाहरुखला जवानसाठी बेस्ट ॲक्टर मिळेल असं मात्र आमच्यात एकानंही लिहिलं नव्हतं, 33 वर्षांत मिळालं नव्हतं ते आता कसं मिळेल म्हणून, आणि विक्रांत मॅसीसोबत वाटून मिळालं तर खरं. तो प्रश्न सगळ्यांचाच चुकला म्हणून बाद धरला.

आता येणाऱ्यांबद्दल, आमचा नियम थोडा बाजूला ठेवून. राजा शिवाजीची 1 मे 2026 ही तारीख जाहीर झालीय, रितेश देशमुखच दिग्दर्शक आणि तोच महाराज, कॅमेरा संतोष सिवनचा, संगीत अजय-अतुलचं. गर्दी होणार यात वादच नाही, आमच्या इथे पण लागणार आणि चार-चार शो लागणार. नॅशनलला कपडेपट आणि कॅमेरा यावर माझा डोळा आहे. तान्हाजीला लोकप्रिय पिक्चरचं मिळालं होतं, अजय देवगणला ॲक्टरचं, आणि पिक्चरला कपड्यांचं पण, म्हणजे रस्ता आखलेला आहे. अजय-अतुलना जोगवाला मिळून बरीच वर्षं झाली, त्यांचं परत येऊ दे असं भाचा म्हणतो, मला त्यात काही हरकत नाही.

रामायण दिवाळीला. तिथे व्हीएफएक्सचं सोडून दुसरं काही लिहायला आप्पा तयार नाहीत, कारण ते करणारी डीएनईजी कंपनी ऑस्करवाली आहे, ड्यूनसाठी मिळालेलं. सौ. म्हणते साई पल्लवी. बघू. हॉलिवूडच्या नोलनचा ओडिसी जुलैमधे आणि ड्यूनचा तिसरा डिसेंबरात, दोन्हींवर भाच्यानं तांत्रिक बक्षिसांचा अख्खा रकाना भरून टाकलाय, पण ओडिसी पूर्ण आयमॅक्स, म्हणजे खास मोठ्या पडद्यासाठीच्या, कॅमेऱ्यावर काढलाय म्हणतात आणि आम्ही तो बघणार साध्या पडद्यावर, तेही हिंदी डबिंग लागलं तर, मग त्याच्या साउंडवर आम्ही काय मत देणार.

मी ज्याची वाट बघतोय तो नागराज मंजुळेचा खाशाबा. येतोय येतोय म्हणून कधीपासून ऐकतोय. 1952 ला हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि कितीतरी लोकांना त्यांचं नावही माहीत नव्हतं. नागराजच्या पिक्चरात नवख्या पोरापोरींना काहीतरी मिळतंच असा माझा अनुभव आहे. फँड्रीच्या सोमनाथला मिळालं, सैराटच्या रिंकूचा खास उल्लेख झाला, नाळमधल्या छोट्याला मिळालं (तो त्यानं दिग्दर्शित केलेला नव्हता, मान्य, पण निर्माता होता). म्हणून खाशाबा येवो कधीही, त्यातल्या लहानपणीच्या खाशाबावर मी आजच खूण करून ठेवलीय. बालकलाकार हा मराठीचा घरचा रकाना आहे, नाळ 2 नं तर एका वर्षात तीन पोरांना मिळवून दिलं.

मालेगावच्या पोरांवरचा पिक्चर, सुपरबॉईज ऑफ मालेगाव, टोरंटोपर्यंत गेला, मालेगाव धुळ्यापासून एसटीनं दीड तास. स्मिता पाटील आमच्या शिरपूरच्या घरातली, भूमिका आणि चक्र, दोन नॅशनल. म्हणजे पिक्चर करणारी माणसं इथून जातात, पिक्चर इथे यायला मात्र कंटाळतात. सगळा दोष थिएटरवाल्याचा नाही हेही कळतं मला, चार तिकिटांवर एसी चालवायला त्याला परवडत नसेल. पण आमच्यासारखे चाळीस जण अमळनेर, चोपडा, पारोळा, एरंडोलला बसलेले असतात आणि त्यांना पत्ताच नसतो की पिक्चर जळगावला लागलाय.

तर तुम्हाला विनंती एवढीच की दर गुरुवारी एक छोटी चौकट छापा. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळला त्या आठवड्यात कुठला मराठी पिक्चर कुठे लागलाय, किती वाजता, आणि शो कॅन्सल होण्याचा धोका असेल तर किती तिकिटं खपली पाहिजेत तेही थिएटरवाल्याला विचारून. आम्ही माणसं जमवतो. एरंडोलच्या एका मास्तरांशी माझं बोलणं झालंय, ते बारा जण आणतो म्हणतात. आणि नॅशनलच्या रकान्यात सर्टिफिकेटच्या वर्षाचं तेवढं दुरुस्त करा, सरांनी खास सांगितलंय.

22 तारखेला होमबाउंड पाचात आला तर या एका प्रश्नाचं भरीत आप्पांकडे, त्यांनी नाही लिहिलंय. नाही आला तर माझ्याकडे, वांगी बामणोदची आणायची कबूल केलीत. दोन्ही बाजूंनी तुम्हाला आमंत्रण आहे, येताना फक्त दही आणू नका.

आपला नेहमीचा वाचक,
एक झेरॉक्सवाला, अमळनेर