नुरेंबर्गहून आई-बाबांना

नुरेंबर्ग,
१० डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

पाडव्याला फोनवर आई म्हणाली होती की यंदा गुडघ्यांमुळे फराळ केला नाही, आणि आपल्याकडे देण्यासारखे काही नसताना शेजारच्यांची ताटे घेणे बरे वाटेना म्हणून दुपारी पडवीचे दार लोटून घेतले. त्या वेळी मला काही बोलता आले नाही. गेले काही दिवस मी येथे जे करते आहे ते सविस्तर कळवले तर तेव्हाचे राहिलेले बोलणेही त्यात येईल, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

आमच्या तळमजल्यावरच्या आजी तुम्हांला माहीत आहेत. इमारतीत सगळेच त्यांना ओमा म्हणतात. नाताळच्या आधीचे चार रविवार येथे आडव्हेंट म्हणून पाळतात, दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत नेतात, आणि याच दिवसांत घरोघरी मसाल्याची बिस्किटे भाजून, पत्र्याच्या डब्यांत भरून, आप्तेष्टांना व शेजाऱ्यांना देतात. ओमांची मनगटे संधिवाताने धरली आणि तीन वर्षांपूर्वी त्यांचे हे भाजणे थांबले. सप्टेंबरात मी त्यांच्याकडे दिवा बदलायला गेले तेव्हा फडताळावर रिकामे डबे ओळीने मांडलेले दिसले. मी विचारल्यावर त्या म्हणाल्या की आडव्हेंटमध्ये कोणी घंटी वाजवली तर त्या दार उघडत नाहीत, कारण आलेला डबा रिकामा परत करावा लागतो. आई, पाडव्याला तू जे म्हणालीस ते मी त्याआधी महिनाभर जर्मन भाषेत ऐकले होते.

येथील मसाल्याच्या बिस्किटांना लेबकूखन म्हणतात. नुरेंबर्गच्या कागदपत्रांत लेबकूखन करणाऱ्याची पहिली नोंद १३९५ सालची आहे आणि १६४३ पासून या कारागिरांचा स्वतंत्र संघ होता. शहराभोवतीच्या राईशवाल्ड या जंगलात मधमाश्या पाळणारे लोक होते, त्यामुळे मध दारातच मिळे. आणि व्हेनिसच्या वाटेने व्यापाऱ्यांकडे मिरी, वेलदोडा, सुंठ, दालचिनी येई. यांतला पुष्कळसा माल आपल्या पश्चिम किनाऱ्यावरूनच जहाजांत चढत असे. येथील सर्वांत नावाजलेल्या एलिझेन प्रकारात निदान चौथा हिस्सा बदाम, हेझलनट किंवा अक्रोड असावे लागतात आणि पीठ दहा टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. पण तो अंड्यांवर उभा असतो. बाबा गुरुवारी अंडे खात नाहीत आणि आपल्या शेजारच्या काकू तर कधीच खात नाहीत, म्हणून मी ओमांकडून जुन्या पद्धतीचे, नुसत्या मधाचे लेबकूखन शिकून घेतले.

त्याची कृती आईला आवडेल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक किलो मध कोमट केला, उकळू दिला नाही, आणि गव्हाचे व राय नावाच्या धान्याचे पीठ निम्मेनिम्मे घेऊन त्यात कालवले. हा गोळा झाकून थंड जागी तब्बल सात आठवडे ठेवला. या मुदतीत तो हळूहळू किंचित आंबतो, आणि शेवटी पोटॅश, म्हणजे आपल्या पापडखारासारखा एक क्षार, घातला की त्या आंबटपणामुळे पीठ फुलते. मसालाही त्याच वेळी घालायचा: दालचिनी, लवंग, वेलदोडा, सुंठ, बडीशेप, चक्रीफूल आणि धणे. गोडात धणे म्हटल्यावर मी थबकले होते, पण धण्यांमुळे मधाचा गोडवा तोंडात साचून राहत नाही. जायफळ आणि जायपत्री मात्र मी बाजारातली वापरली नाही. बाबांनी मे महिन्यात आगरातली दिली होती तीच काढली. जायफळ किसणीवर घासताच ओमांनी माझा हात धरून किसणी नाकाशी नेली आणि पुष्कळ वेळ तशाच बसून राहिल्या. हे झाड आमच्या विहिरीच्या कडेला, माडांच्या सावलीत आहे, असे मी सांगितले. त्यांनी त्याची उंची विचारली, फळ कसे उकलते ते विचारले, आणि लाल जायपत्री सोलून कोण वाळवते तेही विचारले. आई वाळवते, असे मी सांगितले.

आमची वाटणी अशी ठरली होती की ओमांनी टेबलाशी खुर्चीवर बसायचे, आणि हात माझे चालायचे. सात आठवड्यांनी तो गोळा इतका घट्ट झाला होता की हिवाळ्यातल्या काकवीत लाटणे फिरवत असल्यासारखे वाटे. ओमा चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहत आणि तेवढ्यावरून अजून मळ किंवा पुरे, एवढेच म्हणत. तू भाजणीचा वास घेऊन गॅस बंद करायला सांगतेस ना, तसेच. पोळी लाटून तू दिलेल्या करंजीच्या कातण्याने तिचे चौकोन कापले. पहिला घाणा मी दोनच मिनिटे जास्त ठेवला आणि बिस्किटे विटेसारखी झाली, कारण मध फार लवकर करपतो. मला रडू येऊ लागले होते. ओमांनी ती टाकू दिली नाहीत. डब्यात सफरचंदाची फोड ठेवायला सांगितली, दर दोन दिवसांनी ती बदलायला लावली, आणि चौथ्या दिवशी बिस्किटे दाताने सहज तुटू लागली.

ओमा पोटॅश नेहमी रममध्ये विरघळवतात. यंदा तो गुलाबपाण्यात विरघळवला, कारण दुसऱ्या मजल्यावर सीरियाहून आलेले मुसलमान कुटुंब राहते. इमारतीत आठ घरे आहेत. चिठ्ठ्यांवर नावे ओमांनी स्वतः, थरथरत्या हाताने लिहिली, आणि रविवारी मी ताट धरले व प्रत्येक दाराशी डबा त्यांनीच दिला. वरचे जिने चढताना त्या दर वळणावर थांबत होत्या, पण मी डबे पोचवून येते म्हटले तर त्यांनी मान हलवली. सोमवारी सीरियाच्या बाईंनी तोच डबा खजूर भरलेल्या बिस्किटांनी भरून आणून दिला, आणि ओमांनी दार पहिल्याच घंटीला उघडले.

आई, पुढच्या दिवाळीची माझी तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे. चकलीचा सोऱ्या कोणाला देऊन टाकू नकोस. तू माजघरात खुर्चीवर बसायचे; भाजणे, मळणे, तळणे मी करीन. ताटे द्यायला मात्र तुलाच यावे लागेल, आपण सावकाश जाऊ. बाबा, भाजणीचे प्रमाण आई अंदाजाने घेते, ते तिच्याकडून वदवून वहीत उतरवून ठेवावे.

माझी एक सहकारी २० तारखेला पुण्याला येत आहे, तिच्याबरोबर डबा पाठवते. दादा तो घरी पोचवील. बिस्किटे कडक वाटली तर सफरचंदाची फोड ठेवा, पण तिला बुरशी येऊ देऊ नका. काकूंसाठी वेगळी पुडी आहे, ती आईने स्वतः नेऊन द्यावी. डबा ओमांचा आहे, तेव्हा तो परत येताना त्यात थोडी जायपत्री घालावी.

गुडघ्यांचे तेल संपले असल्यास कळवावे.

तुमची,
धाकटी